चर्चची शाळा, चार वर्षांची लेक आणि सासूबाईंचा एकच प्रश्न

थेम्सकाठची | ९ डिसेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अगदीच गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगच्या बाहेर एका गावात राहतो. लेक ऑगस्टमध्ये चार पूर्ण करेल, म्हणजे येत्या सप्टेंबरला रिसेप्शन, इथला शाळेचा सगळ्यात पहिला वर्ग. फॉर्मची शेवटची तारीख १५ जानेवारी. घरापासून चालत सात मिनिटांवर एकच प्राथमिक शाळा आहे, आणि ती चर्च ऑफ इंग्लंडची. दुसरी, बिनचर्चची, गाडीने पंधरा मिनिटं लांब. सकाळच्या वेळी पंचवीस धरा.

चर्चची शाळा बघून आले. हेडबाईंनी स्वतः फिरवलं. आत शिरताना ओळखपत्र पाहिलं, सही घेतली, गळ्यात लाल पट्टा अडकवला आणि फोन पर्समध्ये ठेवायला सांगितला. हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सहा मूल्यं लावलेली: मैत्री, आदर, क्षमा, विश्वास, चिकाटी, करुणा. दर टर्मला एक घेतात म्हणे. कोपऱ्यात टेबलावर क्रॉस, मेणबत्ती आणि मुलांनी कागदावर लिहिलेल्या प्रार्थना. एकात लिहिलं होतं, "देवा, माझ्या गिनीपिगला बरं कर." मला शाळा आवडली. आता खरं सांगायचं तर गिनीपिगमुळेच आवडली.

पण रोज प्रार्थना असते, तिथे आपल्या मुलांचं नेमकं काय होतं? भिंतीवरची मूल्यं मैदानात, मारामारी झाली की, दिसतात का? आणि ही सेफगार्डिंग सेफगार्डिंग म्हणतात ती, म्हणजे मुलांची सुरक्षितता, प्रत्यक्षात असते कशी?

सासूबाई कोल्हापूरहून फोनवर एकच विचारतात, "पोरगी संध्याकाळी देवापुढं हात जोडंल न्हवं?" नवरा म्हणतो, मी मिशनच्या शाळेत शिकलो, मला काय झालं? यावर त्या काही बोलत नाहीत. व्हिडिओ कॉलवर नुसत्या त्याच्याकडे बघत राहतात.

खडूफळा | ९ डिसेंबर

पहिला! शाळा + धर्म + सासू. शतकी धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सरेतला_काका | ९ डिसेंबर

ताई, सव्वीस वर्षं इथे काढली, दोन मुलं अशाच शाळेतून बाहेर पडली. घाबरू नका, पण आधी एक तपासा. शाळा व्हॉलंटरी कंट्रोल्ड आहे की व्हॉलंटरी एडेड? पाटीवर दोन्हीकडे चर्च ऑफ इंग्लंडच लिहिलेलं असतं, आत फरक बराच.

कंट्रोल्ड असेल तर प्रवेश कौन्सिल (इथली स्थानिक स्वराज्य संस्था) ठरवते, आणि धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम त्या भागातल्या इतर सरकारी शाळांसारखाच. एडेड असेल तर प्रवेशाचे नियम शाळेचं गव्हर्नर मंडळ, म्हणजे व्यवस्थापन समिती, ठरवतं, त्या मंडळात चर्चने नेमलेल्यांचं बहुमत असतं आणि धर्मशिक्षणही चर्चच्या धोरणाने. काही एडेड शाळा जागा कमी पडल्या की चर्चमधली हजेरी बघतात. गावाकडच्या कित्येक मात्र फक्त घराचं अंतर बघतात. प्रवेशाचं धोरण शाळेच्या संकेतस्थळावर असतंच, ते नीट वाचा. त्यात कौन्सिल-संचालित शाळांखेरीज अकादमी झालेल्या, म्हणजे कौन्सिलच्या हाताबाहेर गेलेल्या, चर्चशाळाही असतात, तिथे कागद आणखी वेगळे.

आणि या शाळा म्हणजे काही दुर्मीळ पंथ नव्हे. इंग्लंडातल्या साधारण दर चार सरकारी प्राथमिक शाळांमागे एक यांची. १८११ साली नॅशनल सोसायटी स्थापन झाली आणि गरिबांच्या मुलांसाठी गावोगाव शाळा निघाल्या. सरकारला शाळा काढायची जाग आली ती १८७० मध्ये. त्यामुळे कित्येक गावांत चर्चची शाळा हीच गावची शाळा. आपल्याकडे जिल्हा परिषदेची असते तशी.

निरीश्वर | १० डिसेंबर

काका, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाद्री गव्हर्नर नसतो. :)

धागाकर्ती, तुम्हाला कायद्याने हक्क आहे. कलेक्टिव्ह वर्शिप (रोजची सामूहिक प्रार्थना) आणि धर्मशिक्षण दोन्हींतून मुलाला काढून घेता येतं, कारण सांगावं लागत नाही. चर्चच्या शाळेतही. एक चिठ्ठी द्यायची, विषय संपला. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत चार वर्षांच्या पोराला रोज डोळे मिटायला लावणं मला पटत नाही. हेच आपल्याकडे कुणी उलट केलं असतं तर इथेच दोनशे प्रतिसाद आले असते.

जाईजुई_लंडन | १० डिसेंबर

निरीश्वर, हक्क आहे हे शंभर टक्के खरं. मी तो वापरलाय. लेक पहिलीत असताना चिठ्ठी दिली. सगळी मुलं हॉलमध्ये, आणि ही लायब्ररीत एका टीएबरोबर, म्हणजे टीचिंग असिस्टंटबरोबर, रंगकाम करत बसायची. तीन आठवड्यांनी म्हणाली, "आई, मी काय चूक केली?" चिठ्ठी परत घेतली.

तुमचं तत्त्व चूक होतं असं नाही म्हणत. पण ते तत्त्व माझं होतं आणि लायब्ररीत बसत होती ती.

लॅनयार्डवाली | १० डिसेंबर

मी अशाच एका शाळेत नऊ वर्षं टीचिंग असिस्टंट आहे, तेव्हा आतलं सांगते. जरा लांबेल.

वर्शिप म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. मेणबत्ती लावतात, एखादी गोष्ट होते (चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे बायबलमधल्या गुड समॅरिटनची, तर वर्षातून तीनदा), एक गाणं, मग शिक्षक म्हणतात, "ज्यांना प्रार्थना करायचीय त्यांनी करा, बाकीच्यांनी शांत बसून विचार करा." चर्चचं स्वतःचंच मार्गदर्शन आहे की हे निमंत्रण असावं, सक्ती नको. आमच्याकडे मुसलमान, शीख, हिंदू आणि कशातच नसलेली मुलं एकाच रांगेत बसतात. शुक्रवारी दुपारी सगळ्यांचे डोळे आपोआपच मिटलेले असतात.

आता सेफगार्डिंग. भिंतीवरच्या मूल्यांना मी फार विचारत नाही, हे मात्र विचारते. दर सप्टेंबरला पहिल्या दिवशी सगळ्या स्टाफचं ट्रेनिंग असतं. आचारी, सफाईवाले, डिनर लेडी (जेवणाच्या सुट्टीत मुलांकडे बघणाऱ्या बाया), सगळे आले. सरकारचं 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' नावाचं मार्गदर्शन आहे, त्याचा पहिला भाग वाचल्याची सही करावी लागते. लहान मुलांसोबत असताना आमचे फोन लॉकरमध्ये. पाहुण्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याचा रंग आमच्याकडे असा: हिरवा म्हणजे पोलिस-तपासणी झालेला, लाल म्हणजे न झालेला. लालवाला एकटा फिरताना दिसला तर दुसरीतलं पोरसुद्धा येऊन सांगतं. ताई, तुमचा लाल पट्टा अपमान नव्हता हो.

मूल काही सांगायला आलं की आम्ही तीन गोष्टी पाळतो. मध्ये बोलायचं नाही, आपल्याकडून शब्द पुरवायचे नाहीत आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही. मुलाचेच शब्द लिहून काढायचे आणि त्याच दिवशी डीएसएलकडे, म्हणजे शाळेतल्या सुरक्षिततेच्या जबाबदार व्यक्तीकडे. "अमक्याचे बाबा तर चर्चमधले मोठे गृहस्थ" हे माझ्या डोक्यात आलं तरी कागदावर येता कामा नये. तक्रार शिक्षकाविरुद्ध असेल तर हेडकडे, हेडविरुद्ध असेल तर गव्हर्नरांच्या अध्यक्षाकडे आणि तिथून कौन्सिलच्या अधिकाऱ्याकडे. त्या अधिकाऱ्याला सगळे 'लाडो' म्हणतात. नावच तेवढं लाडाचं.

शाळेत एवढंच विचारा: डीएसएल कोण, ती रजेवर असली तर कोण, आणि मुलाला हे माहीत असतं का? चांगल्या शाळेत दरवाजाजवळ दोघातिघांचे फोटो लावलेले असतात.

खडूफळा | १० डिसेंबर

लॅनयार्डवाली, वाचनखूण साठवली. आता पॉपकॉर्न ठेवून वही घेतली.

सोलापुरी_चादर | ११ डिसेंबर

यावरून आमचा ऐतिहासिक किस्सा.

चिरंजीव पहिलीत. सोमवारी वर्गात प्रत्येकाने वीकेंडला काय केलं ते सांगायचं असतं. आमचं ध्यान उठून इंग्रजीत म्हणालं, "आईने मला धपाटे दिले. चार दिले. मी रडलो, मग अजून एक दिलं."

बाईंना शब्द कळेना. त्यांनी वर्गातल्या दुसऱ्या मराठी मुलीला विचारलं, धपाटे म्हणजे काय? त्या पुणेरी कन्येने शांतपणे स्वतःच्या पाठीत हात मारून दाखवला.

दुपारी डीएसएलचा फोन. आवाज एकदम गोड. "आपण जरा बोलू शकतो का?" मी ऑफिसातून धावत गेले. तिथे बसून ज्वारीचं पीठ, बेसन, मेथी, तीळ, तवा असं सगळं समजावलं. रडला कशाला? तर दही संपलं होतं म्हणून. फोनमध्ये फोटो होता म्हणून वाचले. त्यांनी फोटो पाहिला, हसल्या, पण तरी सगळं लिहून घेतलं. आणि तो घरी कसा झोपतो, कोण कोण राहतं, रागावल्यावर आम्ही काय करतो, हे विचारायचं ते विचारलंच.

तेव्हा संताप आला होता. आता वाटतं, माझ्या हसऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून त्यांनी वही मिटली असती, तर उद्या खरोखर मार खाणाऱ्या पोराच्या आईचा हसरा चेहराही त्यांना चालला असता.

मुंबईचा_पाऊस | ११ डिसेंबर

धपाटे!!! हसून हसून ऑफिसात पाणी सांडलं.

निरीश्वर | ११ डिसेंबर

किस्सा भारी. पण विषय निघालाच आहे म्हणून: आईबापांनी हात उगारणं स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून पूर्ण बंद. इंग्लंडमध्ये अजून 'वाजवी शिक्षे'ची पळवाट आहे. म्हणजे ब्रिस्टॉलला दिलेला धपाटा पूल ओलांडून वेल्समधल्या कार्डिफला गेला की गुन्हा.

आणि कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. सुरक्षिततेच्या बाबतीत चर्च ऑफ इंग्लंडचा स्वतःचा इतिहास काय? २०२० मध्ये बालशोषणाच्या राष्ट्रीय चौकशीने चर्चवर ताशेरे ओढले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅंटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला, कारण जुन्या शोषणाच्या प्रकरणाचा पाठपुरावा नीट झाला नाही. अशा संस्थेच्या शाळेत भिंतीवर 'विश्वास' लिहिलेला बघून आम्ही गहिवरायचं?

लॅनयार्डवाली | ११ डिसेंबर

गहिवरू नका, तपासा. राजीनामा आला त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्येही हीच चर्चा होती आणि कुणी सारवासारव केली नाही.

पण शाळेची सुरक्षितता पाद्रीसाहेबांच्या हातात नसते. जो कायदा बिनचर्चच्या शाळेला तोच आम्हाला. ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) येतं, कौन्सिल विचारतं, भरतीच्या नोंदींचं रजिस्टर उघडून दाखवावं लागतं. चर्चचं वेगळं इन्स्पेक्शन होतं, ते शाळेची ख्रिस्ती दृष्टी, वर्शिप वगैरे बघतं. आमच्या पाद्रींनाही गेटवर सही करून पट्टा घ्यावा लागतो. एकदा विसरले, तर रिसेप्शनिस्टने वर्शिप सुरू असताना मागून जाऊन गळ्यात घातला.

कृष्णाकाठ | १३ डिसेंबर

सगळे छान छान सांगताहेत, मी दुसरी बाजू सांगते. शाळेचं नाव घेणार नाही, गावही नाही.

माझा मुलगा तिसरीत होता. एक मुलगा त्याला रोज ढकलायचा, डबा लपवायचा, "तुझ्या जेवणाचा वास येतो" म्हणायचा. दर वेळी शाळेत तेच: दोघांना समोरासमोर बसवायचं, काय झालं, कुणाला वाईट वाटलं, आता कसं नीट करूया असं विचारायचं. पद्धत चांगली आहे, मला मान्य आहे. शेवटी तो मुलगा सॉरी म्हणणार आणि बाई माझ्या मुलाला सांगणार, "या टर्मचं आपलं मूल्य कोणतं? क्षमा!" की माझ्या पोराने मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्का.

चौथ्या वेळी मुलगा घरी येऊन म्हणाला, "मला क्षमा जमत नाही, मी वाईट आहे." ढकलणारा मोकळा, आणि अपराधी वाटतंय ढकललेल्याला! त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी गोड बोलणं सोडलं. तारीख, वेळ, जागा, काय घडलं असं वहीत लिहायला लागले. शाळेचं वागणुकीचं धोरण आणि दादागिरीविरोधी धोरण छापून घेतलं. वर्गशिक्षिका झाल्या, हेड झाले, मग गव्हर्नरांच्या अध्यक्षांना लेखी तक्रार. वासाबद्दलचं बोलणं वांशिक छळ म्हणून नोंदवा हे स्पष्ट लिहिलं. तेव्हा कुठे मधल्या सुट्टीत मोठं माणूस उभं राहिलं, जागा बदलल्या, त्या मुलाच्या घरी बोलणं झालं. त्याच्या घरीही काही ठीक नव्हतं असं पुढे कळलं. वाईट वाटलं. पण माझ्या मुलाने त्याची किंमत का मोजायची?

सरेतला_काका | १३ डिसेंबर

ताई, वाचून गलबललो. क्षमा ज्याची त्याने द्यायची असते, बाईंनी वाटायची खिरापत नव्हे.

लॅनयार्डवाली | १३ डिसेंबर

कृष्णाकाठ, एक पाऊल मागे येते. हे होतं. आमच्याकडेही होताना पाहिलंय. "माफ कर" हे सगळ्यात स्वस्त औषध असतं, कारण त्याला जादा स्टाफ लागत नाही. दोन मुलांची समेट-बैठक घ्यायची तर ज्याला लागलंय त्याची तयारी आहे का, हे आधी विचारायचं असतं. घाईत ते राहतं. आणि मी स्वतःही राहू दिलंय.

थेम्सकाठची, हेडना पुढच्या भेटीत हाच प्रश्न टाका: माझ्या मुलीला कुणी पुन्हा पुन्हा मारलं तर चौथ्या वेळी तुम्ही काय करता? पहिल्या वेळचं उत्तर सगळ्यांकडे असतं.

डोंबिवली_फास्ट_लोकल | १४ डिसेंबर

मी भारतातून लिहितेय, दोन मुली, दोघी शाळेत. लाल-हिरवे पट्टे, फोन लॉकरमध्ये हे वाचून पोटात काहीतरी झालं. बदलापूर आमच्यापासून काही स्टेशनं पुढे. तिथल्या शाळेत चिमुकल्यांवर अत्याचार झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये सकाळी रूळांवर बसलेले ते पालक आमच्यासारखेच होते. त्यानंतर शाळेत कॅमेरे आले, तक्रारपेटी आली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे असा फलक आला. समितीत कोण, ते विचारलं तर ऑफिसातल्या बाईंनी फलक वाचून दाखवला.

म्हणून विचारते, लॅनयार्डवाली ताई, चार वर्षांच्या मुलीला हे शिकवता कसं? न घाबरवता?

लॅनयार्डवाली | १४ डिसेंबर

ताई, इथे बालरक्षण संस्था एनएसपीसीसीचा 'पँट्स' नियम आहे. चड्डीच्या आतलं ते तुझं, कुणी हात लावायचा नाही, नको म्हणायचा हक्क तुझा, मनाला टोचणारं गुपित मोठ्यांना सांगायचं. पिवळ्या डायनासोरच्या गाण्यातून शिकवतात. पोरं ते चार दिवस सुपरमार्केटात ओरडत फिरतात, लाज वाटते, वाटू द्या.

घरी एकच सुरू करा. अवयवांना खरी नावं द्या, आणि "काकांना पापी दे" हा आग्रह बंद. नको म्हणाली तर नको.

आजोबा_ऑनलाइन | १४ डिसेंबर

शेवटचं वाक्य वाचून दचकलो. नातीला गेल्याच महिन्यात रागावलो होतो, पापी देत नाही म्हणून. असो. फोन करतो तिला.

वाचनवेडा_पुणे | १५ डिसेंबर

थोडं अवांतर. धागाकर्ती रेडिंगजवळ आहेत, तिथून गाडीने तासाभरात वाँटेज नावाचं गाव लागतं. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई तिथल्या अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्याच) भगिनींच्या मठात उतरल्या आणि तिथेच लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या. मुद्दा असा की चर्च ऑफ इंग्लंडच्या शिक्षणव्यवस्थेशी पहिली खणखणीत वादावादी करणारी मराठी आई तीच. कुणाची आज्ञा कुठवर मानायची, लेकीला काय शिकवायचं, यावर तिने भगिनींना आणि धर्मगुरूंना पत्रांतून भंडावून सोडलं होतं. तेव्हा ताई, प्रश्न विचारायला लाजू नका, परंपरा आहे.

खडूफळा | १५ डिसेंबर

हे सासूबाईंना सांगू नका. "बाप्तिस्मा" एवढाच शब्द ऐकू जाईल.

थेम्सकाठची | १५ डिसेंबर

खडूफळा, =)) नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणे अकाउंट डिलीट कर.

तळ्यातमळ्यात | १६ डिसेंबर

खाण्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मराठी धागा आहे ना हा?

रिसेप्शन ते दुसरी दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट असतं. शाकाहारी मागता येतं, पण आठवड्यात दोनदा जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) येईल ही मनाची तयारी ठेवा. डबा दिलात तर शेंगदाणे विसरा. बहुतेक शाळांत बंदी असते. आमच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, मी सहा वर्षं सकाळची भाजी वेगळी केली.

आणि संक्रांत! मी मोठ्या हौसेने वर्गासाठी तिळगुळाचे तीस लाडू वळून नेले. ऑफिसात थांबवलं. तीळ इथे चौदा ठळक ॲलर्जन्सपैकी एक. २०१६ मध्ये पंधरा वर्षांची नताशा एडनान-लापरूझ बॅगेट पावातल्या तिळामुळे गेली, आणि तिच्या नावाचा लेबलांचा कायदा २०२१ मध्ये आला. हे मला रिसेप्शनिस्टने हळू आवाजात सांगितलं. लाडू परत आणले. गोड बोलण्याचा कार्यक्रम तेवढा वर्गात झाला, तिळाशिवाय.

मुंबईचा_पाऊस | १६ डिसेंबर

तीस लाडू कुणी खाल्ले?

तळ्यातमळ्यात | १६ डिसेंबर

हा काय प्रश्न झाला.

जाईजुई_लंडन | १८ डिसेंबर

दिवाळीचंही लिहिते. चिठ्ठी परत घेतल्यावर बाईंनी विचारलं, दिवाळीवर बोलाल का? त्यांच्या पुस्तकात दिवाळी म्हणजे राम-सीता-रावण आणि पणती, बस. मी किल्ला घेऊन गेले! माती, अळीव पेरलेले, वर प्लास्टिकचे मावळे. बाई गोंधळल्या, दिवाळीत किल्ला कशाला? मुलांना मात्र काहीच समजवावं लागलं नाही. दहा मिनिटांत वर्गात दोन सैन्यं तयार. वागणुकीच्या फलकावर त्या दिवशी अर्धा वर्ग 'ढगात' (म्हणजे दंगेखोरांत) गेला, त्यात माझीही.

आणि सासूबाईंसाठी खास: माझी लेक संध्याकाळी शुभंकरोती म्हणते आणि शेवटी ठणकावून "आमेन". माझ्या आईने पहिल्यांदा ऐकलं, दोन मिनिटं गप्प बसली, म्हणाली, "चला, शेवटपर्यंत तरी म्हणते."

निरीश्वर | १८ डिसेंबर

बघा, मी काय सांगत होतो.

(हलके घ्या. आजी आवडल्या.)

उद्योगी_भुंगा | ४ जानेवारी

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. लंडनमध्ये असाल तर वेगळाच खेळ चालतो. आमच्या भागात चांगल्या एडेड शाळेसाठी लोक दोन वर्षं आधीपासून रविवारी चर्चमध्ये दिसायला लागतात, प्रवेश मिळाला की गायब. पाद्रींना सगळं कळत असतं. मीही चार रविवार गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पाचव्या रविवारी त्यांनी मला चहाच्या स्टॉलवर उभं केलं. दोन वर्षं चहा ओतला. शाळा मिळाली नाही, घराचं अंतर जास्त पडलं. चहा अजून ओततो, माणसं चांगली आहेत.

सरेतला_काका | ४ जानेवारी

भुंगा, मूल्यांपैकी 'चिकाटी' तुझ्या नावावर.

थेम्सकाठची | १२ जानेवारी

फॉर्म भरला. शाळा कंट्रोल्ड निघाली, प्रवेश कौन्सिलकडून, चर्चची हजेरी वगैरे काही नाही. तीच पहिली पसंती टाकली.

परत भेटायला गेले होते. लॅनयार्डवालीचा चौथ्या वेळेचा प्रश्न विचारला. हेडबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी आम्ही एका मुलाच्या बाबतीत हे चुकवलं. तिसऱ्या वेळीच करायला हवं होतं ते पाचव्या वेळी केलं." आणि काय बदललं ते सांगितलं: मधल्या सुट्टीतल्या घटना आता डिनर लेडीही त्याच वहीत नोंदवतात, आधी त्या तोंडी सांगायच्या आणि हरवायच्या. कृष्णाकाठ, तुमचीच आठवण आली.

कृष्णाकाठ | १२ जानेवारी

चूक कबूल करणारी हेड? तिथेच टाका पोरीला.

निरीश्वर | १३ जानेवारी

मला हे मान्य करायला जड जातंय, पण +१. देवाचा संबंध नाही, बाईंचा आहे.

थेम्सकाठची | १६ एप्रिल

मिळाली!! सकाळी ईमेल आली. पेढे घ्या (बिनतिळाचे, बिनदाण्याचे).

खडूफळा | १६ एप्रिल

अभिनंदन! शतक हुकलं पण शाळा मिळाली.

थेम्सकाठची | ७ डिसेंबर

धागा वर काढतेय, वर्ष होत आलं. लेक मजेत आहे. पहिल्या हाफ टर्मपर्यंत (सत्राच्या मधल्या सुट्टीपर्यंत) रोज रडली, मी गाडीत रडले. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला फूडबँकेसाठी डबे न्यायचे होते, तिने हट्टाने चण्याचा न्यायला लावला, "भुकेल्या माणसाला छोले आवडतात" म्हणून. एकदा एकाने तिला चावलं. दुपारीच फोन आला, फॉर्म भरलेला, आणि तिला विचारलं होतं की तिला त्याच्याशी बोलायचंय का. ती नाही म्हणाली, तर नाही. दोन दिवसांनी तीच त्याच्याबरोबर चिखलात बसलेली.

आता खरा पेच. पुढच्या आठवड्यात ख्रिसमसचं नाटक, ती मेंढी आहे. सासूबाईंना लाइव्ह बघायचंय. शाळेने कळवलंय की व्हिडिओ कॉल नाही, चित्रीकरण नाही, शाळा स्वतः एक प्रत देईल ती घरातच बघायची. एवढं कडक कशाला? सासूबाई म्हणतात, "मेंढीचा बी फोटो काढू देत न्हाईत व्हय?"

लॅनयार्डवाली | ७ डिसेंबर

कारण त्या स्टेजवर कदाचित एखादं मूल असं असतं की ते कुठल्या गावात, कुठल्या शाळेत आहे हे एका विशिष्ट माणसाला कळता कामा नये. दत्तक गेलेलं, किंवा मारकुट्या बापापासून आईने लपवून आणलेलं. कोणतं ते आम्ही सांगणार नाही, तुम्ही विचारू नका. आजींना हेच सांगा, समजेल त्यांना.

थेम्सकाठची | ८ डिसेंबर

सांगितलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मग. मेंढीला घालणार काय?" आज कुरिअरने पट्टणकोडोलीची घोंगडी निघालीय. काळी. पांढरी मेंढी सांगितलीय शाळेने, पण आता त्यांना हे कोण सांगणार?

सोलापुरी_चादर | ८ डिसेंबर

काळी मेंढी चालेल, घोंगडी परत पाठवू नका. आणि नाटकाआधी तिला धपाटे देऊ नका.